वादळ एवढं स्वच्छ दिसतं, मग अंदाज कुठे अडतो?

ढगमाथा (धागालेखक)

समुद्रात चक्रीवादळ उठलं की सगळ्यांच्या फोनवर तेच गोल फिरणारं पांढरं चित्र येतं आणि त्याखाली ठरलेला प्रश्न असतो: "एवढं स्पष्ट दिसतंय, तर कुठे धडकणार ते नेमकं सांगायला काय जातं?" याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही, म्हणून हा धागा.

थेट मुद्द्यावर येतो. आपण जे चित्र बघतो त्याचा तीन-चार दिवस आधीच्या अंदाजातला वाटा तसा लहान आहे. तिथे राबणारी उपग्रहांची निरीक्षणं बघायला गेलात तर कंटाळा येईल. अमक्या जागेवरून, अमक्या वारंवारतेवर, इतकं प्रारण वर आलं, अशा आकड्यांच्या रांगाच रांगा.

पांढरं चित्र येतं भूस्थिर उपग्रहांकडून. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर राहून ते पृथ्वीच्या एकाच बाजूवर नजर ठेवतात. जपानचे हिमावारी, अमेरिकेचे गोज, युरोपचे मेटिओसॅट, भारताचे इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे सगळे या जातीचे. २०१५ मध्ये सेवेत आलेला हिमावारी-८ दर १० मिनिटांनी पृथ्वीची अख्खी तबकडी टिपू लागला. गोज-१६ च्या पिढीतला उपग्रह लहान चौकोनावर रोखला तर दर ३० सेकंदांनी चित्र देतो. गडगडाटी वादळांसाठी याचा उपयोग मोठा आहे. ढगाचा माथा भवतालच्या ढगांना फोडून वर घुसला, विजांची संख्या एकदम चढली, हे मिनिटांत कळतं आणि पुढच्या तास-दोन तासांचा इशारा त्यावर देता येतो.

चार दिवसांनंतरचं सांगायचं असेल तर मात्र दुसऱ्या जातीच्या उपग्रहांकडे वळावं लागतं. हे साधारण ८०० ते ८५० किलोमीटरवरून ध्रुवांकडून ध्रुवांकडे फिरतात, दिवसाला १४ च्या आसपास फेऱ्या मारतात. त्यांच्यावरची उपकरणं हवेचं तापमान थरांत मोजतात. कसं, ते ऐकण्यासारखं आहे. ऑक्सिजन ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह शोषतो आणि सोडतो. हवेत ऑक्सिजन किती आहे हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे वर येणारा संकेत कमीजास्त झाला तर कारण तापमान, हे उघड. जिथे शोषण जोरदार आहे त्या वारंवारतेवर खालच्या हवेचा संकेत वाटेतच गिळला जातो, म्हणजे उपग्रहाला पोचतं ते वरच्या थराचं. शोषण कमी असेल तिथे खालचं दिसतं. दहा-पंधरा वाहिन्या अशा निवडल्या की जमिनीपासून ४० किलोमीटरपर्यंतचा उभा छेद मिळतो. बाष्पासाठी हीच युक्ती १८३ गिगाहर्ट्झजवळ वापरतात. अवरक्त पट्ट्यात तर २००६ मध्ये मेटॉप-ए या युरोपीय उपग्रहावर गेलेल्या आयासी या एका उपकरणाच्या ८,४६१ वाहिन्या आहेत!

हे सगळं वादळापासून हजारो किलोमीटर दूरचंही लागतं, किंबहुना दूरचंच जास्त लागतं. चक्रीवादळ आपल्या मनाने चालत नाही. भोवतालचे मोठे प्रवाह त्याला ढकलत नेतात. ते कुठे वळणार हे दूरवरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यावर आणि वरच्या हवेतल्या एखाद्या द्रोणीवर, म्हणजे कमी दाबाच्या लांबट पट्ट्यावर, ठरतं. फोनवरच्या चित्रात ती द्रोणी नसतेच.

---

रानवारा

छान सुरुवात. एक भाबडा प्रश्न. दर १० मिनिटांची चित्रं एकापुढे एक लावली तर वादळाची चाल दिसतेच की. तीच रेघ पुढे वाढवायची. का नाही जमत?

---

ढगमाथा

@रानवारा, सहा तासांपुरतं जमतं. बारा तासांनंतर रेघ घसरू लागते आणि वादळ वळणार असेल त्या दिवशी ती पार उलट्या दिशेला जाते. नुकसान जास्त होतं ते नेमकं अशा वळणाऱ्या वादळांनी.

---

पाणबुड्या

धाग्यात उपग्रहांचं जरा जास्तच कौतुक चाललंय, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

मोजमाप म्हणजे वारा खरोखर मोजणं. तरंगत्या बोयांवरचं वायुवेगमापक, फुग्यावरून वर जाणारं उपकरण, वादळाच्या डोळ्यात शिरून विमानाने खाली सोडलेलं उपकरण (ड्रॉपसोंड), हे मोजमाप. उपग्रह वारा मोजत नाही, प्रकाश मोजतो आणि त्यावरून वारा *ठरवतो*. चक्रीवादळाची तीव्रता आजही बहुतेक समुद्रांत ड्वोरॅक पद्धतीने काढतात, म्हणजे ढगांचा आकार बघून. अंगावरचं पांघरूण बघून ताप किती ते सांगण्यातलाच हा प्रकार.

---

ढगमाथा

पांघरुणाचं मान्य! पण ड्वोरॅकला एवढ्यावर निकालात काढू नका.

व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले गेलेत, डोळा दिसतो का, डोळ्यातलं तापमान आणि भोवतीच्या ढगमाथ्याचं तापमान यांत किती फरक आहे, यावरून टी १ ते टी ८ असा आकडा देतात. टी ४ म्हणजे सुमारे ६५ नॉट वारा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), टी ५ म्हणजे ९० नॉट, टी ७ म्हणजे १४०. आत भौतिकशास्त्र आहे. डोळ्यात हवा खाली उतरते आणि तापते, भिंतीत ढग उंच चढतात आणि त्यांचे माथे थंड होतात. हा फरक जितका मोठा तितकं यंत्र जोरात चालू आहे.

आणि विमानांबद्दल बोलायचं तर ती आहेत कुठे? नियमित उड्डाणं मुख्यतः अटलांटिकमध्ये. पश्चिम पॅसिफिकमध्ये, जिथे जगातली सर्वात जास्त चक्रीवादळं होतात, तिथली अमेरिकेची नियमित उड्डाणं १९८७ मध्येच बंद झाली. त्यानंतर तिथे तीव्रता काढायची कशावरून? ढगांवरूनच.

तरीही तुमच्या आक्षेपात तथ्य आहे. अवरक्त चित्रात वरचं छत दिसतं. वादळ जोर धरायला लागतं त्या सुरुवातीच्या तासांत केंद्रावर दाट ढगांचं गोल आच्छादन येतं आणि खाली डोळा तयार होतोय की नाही ते कळत नाही. इथे मायक्रोवेव्ह उपयोगी पडतं. ३७ आणि ८९ गिगाहर्ट्झच्या आसपास वरचे पातळ हिमढग जवळपास पारदर्शक असतात. खालचं पावसाचं कडं उघडं पडतं, बरेचदा अवरक्त चित्रात डोळा उघडण्याच्या कित्येक तास आधी.

---

रानवारा

मग मायक्रोवेव्ह उपकरणच भूस्थिर उपग्रहावर का नाही बसवत? दर १० मिनिटांनी आतलं कडं बघता येईल.

---

पाणबुड्या

याचं उत्तर मला येतं. अँटेना. किती बारीक दिसेल हे तरंगलांबी, अंतर आणि थाळीचा व्यास यांवर ठरतं. ८०० किलोमीटरवरून जे एका लहान थाळीने साधतं, त्यासाठी ३६,००० किलोमीटरवर ४५ पट मोठी थाळी लागेल. ती वर नेऊन उलगडायची, आणि वर एकसारखी फिरवत ठेवायची.

म्हणून उलट बाजूने प्रयत्न चाललेत: लहान उपग्रह जास्त संख्येने खालच्या कक्षेत सोडायचे. नासाच्या ट्रॉपिक्स मोहिमेत २०२३ साली खोक्याएवढे उपग्रह याच कामासाठी सोडले. एकटा ध्रुवीय उपग्रह उष्णकटिबंधातल्या ठिकाणावरून दिवसात दोनदाच जातो, आणि लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये फट राहते. वादळ त्या फटीत सापडलं की संपलं.

---

सांख्यिकी_काका

इतका वेळ वाचत होतो. धाग्यात उपकरणांचं पुष्कळ आलं, पण ती निरीक्षणं अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये *शिरतात कशी* हे कोणी लिहिलेलं दिसत नाही. माझ्या मते अंदाज सुधारला तो तिथे.

मॉडेलला सुरुवात करायला आत्ताचं वातावरण हवं, प्रत्येक चौकटीत, प्रत्येक उंचीवर. हे कोऱ्या पाटीवर निरीक्षणांतून रचत नाहीत. काही तासांपूर्वीच्या अंदाजाने "आत्ता असं असेल" म्हणून एक चित्र आधीच दिलेलं असतं. त्यावरून गणित करतात की हवा खरंच अशी असती तर उपग्रहाला अमक्या वाहिनीत किती प्रारण दिसलं असतं. मग प्रत्यक्ष दिसलेलं बाजूला ठेवतात. फरक पडला की प्रश्न येतो, चूक कोणाची? अंदाजावर किती विश्वास आणि निरीक्षणावर किती, याचं वजन ठरवून मधला मार्ग काढायचा. हवामान अंदाजाच्या युरोपियन केंद्राने, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफने, १९९७ मध्ये यात काळाची मिती आणली. काही तासांच्या खिडकीतली सगळी निरीक्षणं, प्रत्येक आपापल्या क्षणी, एकाच सलग हवामानाशी जुळली पाहिजेत अशी अट. यातून एक अनपेक्षित फायदा होतो: बाष्पाचे ठिपके कसे सरकले ते जुळवताना वारा आपोआप सुधारतो, कोणी वारा मोजलेला नसतानाही. पाणबुड्यांनी याची नोंद घ्यावी :)

जुन्या काळी प्रारणातून आधी तापमान काढायचे आणि मग ते मॉडेलला द्यायचे. त्या रूपांतरात इतक्या गृहीतकांची भेसळ व्हायची की उत्तर गोलार्धात, जिथे फुग्यांची केंद्रं भरपूर, तिथे उपग्रहांचा फायदा जेमतेमच दिसे. १९९० च्या दशकात कच्चं प्रारणच थेट मॉडेलमध्ये घ्यायला लागले आणि पारडं फिरलं. दक्षिण गोलार्ध बघा. तिथे समुद्रच समुद्र, केंद्रं तुरळक. १९८० च्या दशकात तिथले अंदाज उत्तरेपेक्षा बरेच मागे होते. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते अंतर जवळजवळ मिटलं. फुगे वाढले नव्हते. उपग्रहांच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

---

चौकस

+१ काका. पण "वजन ठरवायचं" म्हणजे कोणी बसून ठरवतं? आणि उपकरण स्वतःच चुकीचं मोजत असेल तर?

---

सांख्यिकी_काका

मोजतंच. प्रत्येक उपकरणाचा काही ना काही पद्धतशीर कल असतो, काहींचा दिवस-रात्रीप्रमाणे बदलतो. मॉडेल चालू असतानाच हा कल शोधून वजा केला जातो. यात धोका असा की मॉडेलच कुठे कायम थंड असेल तर ते उपग्रहाला "तूच गरम मोजतोस" म्हणून दुरुस्त करत बसेल. म्हणून एक असा साक्षीदार लागतो ज्याला दुरुस्तीची गरज नाही.

तो मिळाला दिशादर्शनाच्या उपग्रहांमुळे. जीपीएसचा संकेत क्षितिजाजवळच्या हवेतून तिरपा जाताना वाकतो आणि त्याला किंचित उशीर होतो. तो उशीर खालच्या कक्षेतला दुसरा उपग्रह मोजतो. हवेची घनता, पर्यायाने तापमान, त्यातून निघतं. हे वेळेचं मोजमाप आहे, आण्विक घड्याळांनी केलेलं, त्यामुळे कलाचा प्रश्न जवळपास नाही. २००६ मध्ये तैवान आणि अमेरिकेने मिळून सहा लहान उपग्रहांची कॉस्मिक मोहीम सोडली, २०१९ मध्ये दुसरी. ८ ते ३० किलोमीटर उंचीच्या दरम्यान याच्याइतकं चोख काही नाही.

---

तिरकस

इतकी यातायात कशाला? आता एआय मॉडेलं एका मिनिटात दहा दिवसांचा अंदाज देतात. उपग्रह सोडणं बंद करा, पैसे वाचवा.

---

ढगमाथा

@तिरकस, नावाला जागलात. पण प्रश्न खरा आहे म्हणून उत्तर देतो.

२०२३ मध्ये गाजलेली पांगू, ग्राफकास्ट वगैरे मॉडेलं शिकली ती ईआरए५ या संचावर. तो संच म्हणजे काकांनी सांगितलेल्या पद्धतीनेच जुन्या निरीक्षणांतून पुन्हा रचलेलं वातावरण, आणि गेल्या चार दशकांच्या भागात त्यात उपग्रहच उपग्रह आहेत. बरं, शिकून झाल्यावरही रोज सुरुवात करायला "आत्ताचं वातावरण" लागतंच. ते कोण देणार? शिवाय ईआरए५ ची चौकट ३१ किलोमीटरची. पंधरा-वीस किलोमीटरचा डोळा त्यात पसरट होऊन जातो. त्यामुळे ही मॉडेलं मार्ग फार सुरेख सांगतात आणि तीव्रता कमी दाखवतात.

---

तिरकस

शरण. पण तीव्रता तर तुमच्या जुन्या मॉडेलांनाही येत नाही. ओटिस आठवतं का?

---

ढगमाथा

आठवतं. २४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मेक्सिकोच्या किनाऱ्यासमोर ते साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं. चोवीस तासांच्या आसपास वाऱ्याचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरने वाढला आणि पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीचं होऊन ते अकापुल्कोवर आदळलं. जागतिक मॉडेलांपैकी कोणीही याची चाहूल दिली नव्हती. त्या दुपारी विमान आत शिरलं म्हणून खरी तीव्रता कळली. ती ढगांवरून धरलेल्या आकड्याच्या बरीच पुढे होती. हा गुण पाणबुड्यांचा.

कारणं तिथल्या तिथे शोधायची तर: डोळ्याच्या भिंतीत ज्या घडामोडी होतात त्या काही किलोमीटरच्या, आणि निरीक्षण लागतं ते ढगांच्या व पावसाच्या आतलं. वर्षानुवर्षं मॉडेलं ढग असलेली निरीक्षणं टाकूनच देत होती, कारण ढगातून आलेल्या प्रारणाचं गणित अवघड. म्हणजे वादळाच्या पोटातलीच माहिती केराच्या टोपलीत! ईसीएमडब्ल्यूएफने २००९ पासून मायक्रोवेव्ह प्रतिमांसाठी ढग-पावसासकट निरीक्षणं घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू इतर उपकरणांपर्यंत ते नेलं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली ही सर्वात कमी चर्चा झालेली मोठी गोष्ट आहे. काम अजून अर्धवटच आहे.

---

दर्यावर्दी

समुद्राची बाजू राहिलीच. वादळाला इंधन पाण्यातून मिळतं आणि नुसतं पृष्ठभागाचं तापमान बघून भागत नाही. वर २९ अंश असलेलं पाणी वीस मीटरच खोल असेल तर वादळ स्वतःच ते घुसळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि मंदावतं. उबदार थर शंभर मीटरचा असेल तर मात्र थांबतच नाही. उपग्रह पाण्याच्या आत बघू शकत नाही, पण उंचीमापक रडार समुद्राची पातळी काही सेंटिमीटरपर्यंत मोजतं. उबदार पाणी प्रसरण पावून थोडं फुगलेलं असतं, त्यावरून खालच्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो.

वाऱ्याबद्दल: स्कॅटरोमीटर समुद्रावरच्या बारीक लहरींवरून परतलेला रडारचा संकेत वाचून वेग आणि दिशा दोन्ही काढतो. क्विकस्कॅट १९९९ ते २००९, नंतर युरोपचा एएसकॅट, भारताचे ओशनसॅट-२, स्कॅटसॅट-१ आणि २०२२ पासून ओशनसॅट-३. वादळाचा पसारा किती, कुठल्या बाजूला वारा जास्त, हे यातून कळतं. अतिवेगाला मात्र हे संकेत गुळगुळीत होतात, आणि केयू या रडार वारंवारतांच्या पट्ट्यात पाऊसही त्रास देतो.

---

चौकस

आणि वरच्या हवेतला वारा? तो थेट मोजणारं काही नाहीच का?

---

सांख्यिकी_काका

होतं. युरोपचा एओलस. ऑगस्ट २०१८ मध्ये गेला, अतिनील लेसर खाली सोडायचा आणि हवेतून परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतल्या (डॉप्लर) फरकावरून थराथराचा वारा काढायचा. एकच उपग्रह, तोही प्रयोग म्हणून सोडलेला, तरी २०२० मध्ये रोजच्या अंदाजात घेतला गेला. जुलै २०२३ मध्ये इंधन संपत आल्यावर त्याला सावरत वातावरणात उतरवलं.

ढगांच्या सरकण्यावरून वारा काढतात तोही उपयोगी, पण ढग नेमक्या कुठल्या उंचीवर आहे हे ठरवण्यात गफलत होते. वेग बरोबर आणि मजला चुकीचा.

---

रानवारा

सगळं पटलं. पण एखादा उपग्रह नसला तर खरंच किती बिघडतं, हे कोणी तपासलंय?

---

सांख्यिकी_काका

हो, मुद्दाम निरीक्षणं काढून घेऊन मॉडेल पुन्हा चालवतात. गाजलेलं उदाहरण सँडी, ऑक्टोबर २०१२. ते वादळ अटलांटिकमध्ये उत्तरेला जाता जाता डावीकडे वळलं आणि न्यू जर्सीवर धडकलं. ईसीएमडब्ल्यूएफच्या अंदाजात हे वळण आठवडाभर आधीपासून दिसू लागलं होतं. नंतर ध्रुवीय उपग्रहांची निरीक्षणं वगळून तोच अंदाज पुन्हा काढला, तर चार-पाच दिवस आधीच्या उत्तरात वादळ किनाऱ्यावर येतच नव्हतं. भूस्थिर उपग्रह वगळले तर एवढा फरक पडला नाही. फोनवरच्या चित्राचा वाटा लहान, हा ढगमाथांचा सुरुवातीचा दावा यावरच उभा आहे.

---

पाणबुड्या

आता मीच उपग्रहांच्या बाजूने बोलतो. बाष्पाची एक नैसर्गिक रेषा २२ गिगाहर्ट्झजवळ आहे, तिच्यासाठी उपग्रह २३.८ गिगाहर्ट्झवर ऐकतात. त्याला लागूनच २४.२५ पासून ५जी चा पट्टा सुरू होतो. सांडलेली ऊर्जा बाष्प म्हणून मोजली जाऊ शकते. २०१९ मध्ये शर्म अल-शेखच्या जागतिक परिषदेत मर्यादा ठरल्या, त्या हवामानवाल्यांनी मागितल्या होत्या त्यापेक्षा सैल. ही वारंवारता निसर्गाने दिलेली आहे, दुसरीकडे हलवता येत नाही. मोबाइलची हलवता येते.

---

दर्यावर्दी

अंदाज सुधारला म्हणजे माणसं वाचली असं मात्र नाही. नोव्हेंबर १९७० चं भोला चक्रीवादळ त्या वेळच्या हवामान उपग्रहांच्या चित्रांत दिसलं होतं. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर तरी किमान तीन लाख माणसं गेली. इशारा बेटांपर्यंत नीट पोचलाच नाही, आणि पोचला तिथे जायला जागा नव्हती.

---

ढगमाथा

@दर्यावर्दी, यावर स्वतंत्र धागा काढाच. इथे दोन प्रतिसादांत तो विषय आटोपणं बरं नाही.

---

चौकस

शेवटचा प्रश्न, अवांतर वाटेल. आमच्यासारख्यांनी कुठलं चित्र बघावं? आणि रात्री रंगीत चित्र कसं येतं? त्यात शहरांचे दिवेसुद्धा असतात.

---

ढगमाथा

बाष्पाची वाहिनी बघा, ६ ते ७ मायक्रॉनच्या आसपासची. जमीन जवळपास दिसत नाही, पण वरच्या हवेतले कोरडे आणि ओले पट्टे उलगडतात. वादळाच्या पोटात कोरडी जीभ शिरताना दिसली तर त्याचा जोर ओसरण्याची शक्यता धरा. अवरक्त चित्रात रंगांची पट्टी आधी वाचा. लाल म्हणजे गरम असं नसतं, तिथे लाल बहुधा सर्वात थंड ढगमाथ्याला देतात.

रात्रीचं रंगीत चित्र हे बनवलेलं असतं. ढग अवरक्त वाहिन्यांतून घेतात आणि खाली शहरांच्या दिव्यांचा जुना, स्थिर नकाशा चिकटवतात. त्यामुळे वादळ गेल्यावर दिवे दिसतायत म्हणून तिथे वीज आहे असं समजू नका. ते बघायचं असेल तर सुओमी-एनपीपी सारख्या ध्रुवीय उपग्रहाची रात्रवाहिनी शोधा. तिच्यात खरे दिवे असतात, आणि चांदण्यात ढगही.